सभाकंप : तोंडपाठ भाषण व्यासपीठावर गेल्यावर का हरवते?

चार मित्रांत तासन्‌तास रंगून बोलणारा माणूस ध्वनिक्षेपकासमोर उभा राहिला की त्याची बोबडी वळते. महिनाभर घोटून तयार केलेली चीज नेमकी मैफलीत हुलकावणी देते, आणि आदल्या रात्री आरशासमोर अस्खलित म्हटलेले भाषण दुसऱ्या वाक्यावरच अडकते. मराठीत या अनुभवाला ‘सभाकंप’ असा अगदी नेमका शब्द आहे आणि त्याच्या उलट गुणाला आपण सभाधीटपणा म्हणतो. कोडे असे की समोर बसलेली माणसे शत्रू नसतात, विषय परका नसतो आणि तयारीही झालेली असते. तरीही शरीर प्राणावर बेतल्यासारखे वागते. याचे सरसकट दिले जाणारे उत्तर म्हणजे ‘आत्मविश्वास कमी आहे’. हे उत्तर अपुरे आहेच, शिवाय अन्यायकारकही आहे, कारण त्यामुळे शरीराच्या एका स्वाभाविक क्रियेचा दोष माणसाच्या स्वभावावर टाकला जातो.

शरीरात नेमके काय घडते

आपल्या इच्छेविना हृदय, फुप्फुसे, आतडी आणि घामाच्या ग्रंथी चालवणारी मज्जातंतूंची एक यंत्रणा शरीरात असते. तिचा एक भाग संकटकाळासाठी राखलेला आहे. मेंदूला धोका जाणवला की हा भाग जागा होतो, मूत्रपिंडांच्या वर असलेल्या ग्रंथींमधून अ‍ॅड्रेनलीन हे संप्रेरक रक्तात सोडले जाते आणि काही सेकंदांत सारे शरीर झुंजण्यासाठी किंवा पळण्यासाठी सज्ज होते. वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९१५ मध्ये या ‘लढा किंवा पळा’ प्रतिसादाचे वर्णन केले.

आपले वाक्प्रचार या क्रियेचे किती अचूक वर्णन करतात, हे पाहण्यासारखे आहे. ‘तोंडचे पाणी पळते’, कारण अशा वेळी पातळ लाळ स्रवणे खरोखरच कमी होते. ‘पोटात गोळा येतो’, कारण पचनाचे काम तात्पुरते थांबवून तिकडचे रक्त मोठ्या स्नायूंकडे वळवले जाते. ‘हातपाय गार पडतात’, कारण त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात. अ‍ॅड्रेनलीनचा स्नायूंवर थेट परिणाम होत असल्याने हातातला कागद थरथरतो. स्वरयंत्राचे स्नायू ताणले गेल्याने आवाज नेहमीपेक्षा चढा लागतो किंवा कापतो. श्वास भराभर घेतल्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यातून बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते आणि आता आपण कोसळणार असे वाटू लागते.

इमारतीतील आगीची घंटा जशी चालते तशीच ही यंत्रणा चालते. धूर करपलेल्या भाताचा आहे की पेटलेल्या गोदामाचा, याची चौकशी घंटा करत नाही. ती वाजते आणि सगळे हातातले काम टाकून जिन्याकडे धावतात. अशी घंटा बिघडलेली म्हणता येणार नाही. सावधपणाच्या बाजूने चूक करावी, अशीच तिची रचना असते.

समोर वाघ नाही, मग धोका कसला?

मेंदूच्या लेखी धोका केवळ शारीरिक नसतो. माणूस हा कळपात जगलेला प्राणी आहे. ज्याला समूहाने दूर लोटले त्याचे अन्न, संरक्षण आणि साथ तिन्ही गेली, अशा परिस्थितीत आपल्या पूर्वजांनी दीर्घकाळ काढला. त्यामुळे ‘लोक आपल्याविषयी काय मत बनवत आहेत’ हा प्रश्न मेंदू जीवनमरणाच्या खात्यात टाकतो, असे स्पष्टीकरण अनेक शास्त्रज्ञ देतात. उत्क्रांतीविषयीचे असे तर्क प्रयोगशाळेत थेट पडताळता येत नाहीत, हे खरे. मात्र लोकांनी केलेले मूल्यमापन शरीराला जोरदार हादरा देते, याचा पुरावा भक्कम आहे.

जर्मनीतील ट्रियर विद्यापीठात १९९३ मध्ये एक चाचणी तयार झाली, ती आजही जगभर वापरली जाते. सहभागी व्यक्तीला थोडा वेळ तयारीसाठी दिला जातो. नंतर चेहऱ्यावर कोणताही भाव न दाखवणाऱ्या परीक्षकांपुढे तिला भाषण करावे लागते आणि त्यानंतर मोठ्याने वजाबाकी करत जावे लागते. मारहाण नाही, वेदना नाही, शिक्षाही नाही; तरीही बहुसंख्य सहभागींच्या शरीरात कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचे प्रमाण लक्षणीय वाढते. पुढे २००४ मध्ये सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी अशा २०८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांना असे आढळले की कॉर्टिसॉल सर्वाधिक वाढते ते दोन गोष्टी एकत्र आल्या की: इतर लोक आपल्याला जोखत आहेत ही जाणीव आणि परिस्थिती आपल्या हाताबाहेर आहे ही जाणीव.

या दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात, कारण पुढचे जवळजवळ सर्व उपाय त्यांच्यातूनच निघतात. कुणाच्याही जन्मजात भित्रेपणाचा त्यात उल्लेख नाही, ही बाबही मला महत्त्वाची वाटते.

येत असलेली गोष्टच का चुकते?

धडधड समजली तरी विसरण्याचे काय? शरीर लढायला सज्ज झाले असेल तर काम अधिक चांगले व्हायला हवे, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो अर्धा बरोबरही आहे. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की कठीण काम शिकताना उत्तेजना एका मर्यादेपर्यंत उपयोगी पडते आणि त्यापुढे घातक ठरते. सोप्या कामात मात्र ही मर्यादा बरीच वर असते. रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ मध्ये याला आणखी एक धागा जोडला: इतरांच्या उपस्थितीत आपल्या अंगवळणी पडलेली क्रिया अधिक जोमाने बाहेर येते. जे पक्के मुरले आहे ते प्रेक्षकांपुढे उजळते आणि जे कच्चे आहे त्यातील चुका उठून दिसतात.

पण पक्के मुरलेलेही कधीकधी कोसळते. त्याच्या दोन वेगळ्या वाटा आहेत आणि त्यांची गल्लत केल्यामुळेच बरेचसे सल्ले निरुपयोगी ठरतात.

पहिली वाट कार्यस्मृतीची. कार्यस्मृती म्हणजे या क्षणी लागणारी माहिती मांडून ठेवण्याचा मनातील छोटा ओटा. त्यावर जागा अगदी मोजकी असते. ‘लोक हसतील’, ‘आवाज कापतो आहे’, ‘पुढचा मुद्दा कोणता’ अशी चिंतेची भांडी तिथे येऊन बसली की भाषणातील दुव्यांना जागाच उरत नाही. मुद्दे स्मृतीतून पुसले गेलेले नसतात. ते उचलून आणायला हात मोकळे नसतात. म्हणूनच व्यासपीठावरून खाली उतरताच, पायरीवर असतानाच, सगळे भाषण जसेच्या तसे आठवते.

दुसरी वाट याच्या नेमकी उलट आहे. जिना उतरताना प्रत्येक पायरीवर ‘आता उजवा गुडघा वाकवतो, आता टाच टेकवतो’ असा विचार करून पाहा. रोजचा जिना असूनही पाऊल चुकेल. वाद्य वाजवणे, गाणे, नृत्य अशी कौशल्ये वर्षानुवर्षांच्या सरावाने जाणिवेच्या खालच्या थरात गेलेली असतात. भीतीपोटी आपण त्यांच्यावर पुन्हा बारीक देखरेख सुरू करतो आणि अखंड ओघाचे सुटे तुकडे होतात. रॉय बॉमायस्टर यांनी १९८४ मध्ये दबावाखाली कौशल्य कोलमडण्याचे हे कारण मांडले आणि पुढे सायन बायलॉक यांनी त्याचा सविस्तर अभ्यास केला.

वक्त्याला बहुतेकदा पहिली वाट नडते आणि वादकाला दुसरी. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. लक्ष विषयावरून उठून स्वतःवर जाऊन बसलेले असते. माझ्या मते सभाकंपाचा खरा गाभा इथे आहे. धडधड हा त्याचा केवळ पहिला भाग असतो. त्या धडधडीकडे टक लावून पाहणे आणि ती वाढत असल्याचे पाहून आणखी घाबरणे, हा दुसरा आणि अधिक नुकसान करणारा भाग असतो.

समोरच्यांना खरोखर किती दिसते?

बोलणाऱ्याची खात्री असते की आपली थरथर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचली आहे. ही खात्री कितपत बरोबर असते, हे मोजले गेले आहे. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना लाज वाटेल असे चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत जायला सांगितले. खोलीतील सुमारे निम्म्या लोकांच्या ते लक्षात आले असेल, असा अंदाज त्या विद्यार्थ्यांनी केला. प्रत्यक्षात चित्र लक्षात राहिलेले लोक एक चतुर्थांशाहूनही कमी होते.

मनातील घालमेलीचेही असेच आहे. ती आपल्याला आतून अत्यंत तीव्रतेने जाणवते, म्हणून बाहेरच्यांनाही ती तेवढीच दिसत असेल असे आपण गृहीत धरतो. केनेथ सॅवित्स्की आणि गिलोविच यांनी २००३ मध्ये भाषण देण्यापूर्वी काही जणांना एवढीच एक गोष्ट समजावून सांगितली की तुमची अस्वस्थता तुम्हाला वाटते तितकी इतरांना दिसत नाही. नुसत्या या माहितीने त्यांची भाषणे अधिक चांगली झाली, आणि हे मत त्यांचे स्वतःचे होते तसेच ऐकणाऱ्यांचेही होते.

चार्ल्स डार्विन यांनी भावनांच्या आविष्कारावरील १८७२ च्या आपल्या ग्रंथात एक हकिगत नोंदवली आहे. एका अतिशय लाजाळू गृहस्थाच्या सन्मानार्थ छोटी मेजवानी होती. आभार मानायला ते उठले आणि पाठ केलेले संपूर्ण भाषण त्यांनी हावभावांसह केले; मात्र तोंडातून एकही शब्द बाहेर पडला नाही. मित्रांच्या लक्षात प्रकार आला आणि हावभावांवरून जिथे विराम असावा असे वाटले तिथे ते टाळ्या वाजवत राहिले. आपण सारा वेळ नि:शब्द होतो, हे त्या गृहस्थांना कधीच कळले नाही. उलट आपले भाषण फारच छान झाले, असे त्यांनी नंतर एका मित्राला समाधानाने सांगितले. आतून जाणवणारे आणि बाहेर घडणारे यांत केवढी फारकत असू शकते, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही. श्रोते बहुतेकदा बोलणाऱ्याच्या बाजूचे असतात, हेही त्यातून दिसते.

मुरलेल्या कलावंतांनाही भीती वाटते, मग अनुभवाचा उपयोग काय?

हा आक्षेप रास्त आहे. चेलोवादक पाब्लो कासाल्स यांना आयुष्यभर प्रत्येक कार्यक्रमापूर्वी भीती वाटत असे. पियानोवादक व्लादिमिर होरोविट्झ १९५३ ते १९६५ अशी बारा वर्षे जाहीर मैफलींपासून दूर राहिले. नट लॉरेन्स ऑलिव्हिए यांना तर पन्नाशी उलटल्यावर, कीर्तीच्या शिखरावर असताना सभाकंपाने गाठले; ‘ऑथेल्लो’च्या प्रयोगात एकटे उरण्याची धास्ती इतकी असे की सहकलाकाराने विंगेत आपल्याला दिसेल असे उभे राहावे, अशी विनंती त्यांना करावी लागली. महात्मा गांधींनी आत्मकथेत लिहिले आहे की मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टातील पहिल्याच खटल्यात उलटतपासणीसाठी उभे राहिल्यावर त्यांचे डोके गरगरू लागले, एकही प्रश्न सुचला नाही आणि फी परत करून ते बाहेर पडले. पुढे त्यांनी लाखोंच्या सभांपुढे भाषणे केली.

अनुभवाने घंटा बंद होतेच असे नाही, असे या उदाहरणांवरून म्हणावे लागते. बदलतो तो घंटेचा अर्थ. नवख्याला धडधड ही ‘आता सगळे बिघडणार’ याची खूण वाटते, तर मुरलेल्याला ती ‘आता सुरू होणार’ याची खूण वाटते. होरोविट्झ परतले तेही भीती संपेपर्यंत थांबून परतले असतील, असे मानायला आधार नाही.

मग करावे तरी काय?

‘शांत हो, घाबरू नकोस’ हा सर्वांत जास्त दिला जाणारा सल्ला सर्वांत कमी उपयोगी आहे. अ‍ॅड्रेनलीन रक्तात उतरल्यानंतर शरीराला शांत होण्याचा हुकूम देता येत नाही आणि तो पाळला गेला नाही की आणखी एक अपयश पदरात पडते. अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये वेगळी वाट तपासली. गाणे किंवा भाषण सादर करण्यापूर्वी काही जणांना ‘मी उत्सुक आहे’ असे मोठ्याने म्हणायला सांगितले. त्यांचे सादरीकरण इतरांपेक्षा सरस ठरले, आणि गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके तर पूर्वीइतकेच जलद होते. भीती आणि उत्सुकता यांत शरीराची अवस्था जवळजवळ सारखीच असते. धावत्या गाडीला एकदम ब्रेक लावण्यापेक्षा तिला योग्य रस्त्यावर वळवणे सोपे जाते, तसे हे आहे.

श्वासाचा उपाय मात्र खरा आहे, फक्त तो नीट समजून घ्यायला हवा. ‘दीर्घ श्वास घ्या’ म्हटले की माणसे छाती भरून भराभर श्वास घेतात आणि मुंग्या, चक्कर वाढवून बसतात. श्वास सोडताना हृदयाचे ठोके स्वाभाविकपणे मंदावतात. म्हणून भर श्वास सोडण्यावर हवा. चारपर्यंत मोजत नाकाने घ्यावा, सहापर्यंत मोजत सावकाश सोडावा आणि हे दोन-तीन मिनिटे करावे. मिनिटाला सुमारे सहा श्वास ही गती पुरेशी आहे.

सर्वाधिक फळ देणारी गोष्ट म्हणजे सरावाची पद्धत. बहुतेक लोक बसून, मनातल्या मनात, एकांतात तयारी करतात आणि मग उभे राहून, मोठ्याने, लोकांसमोर बोलायला जातात. ही पोहण्याची तयारी गादीवर हातपाय मारून केल्यासारखी झाली. उभे राहून, पूर्ण आवाजात, आधी एका व्यक्तीपुढे, मग तीन-चार जणांपुढे आणि शक्य असल्यास प्रत्यक्ष त्याच जागेवर सराव करावा. कार्यक्रमाच्या ठिकाणी लवकर पोहोचून ध्वनिक्षेपकाची उंची आणि पाण्याचा पेला पाहून ठेवावा. ‘परिस्थिती हाताबाहेर आहे’ ही जाणीव अशाच लहानसहान गोष्टींनी कमी होते.

भाषण शब्दशः पाठ करू नये, असे माझे ठाम मत आहे. शब्दांची साखळी एका कडीशी तुटली की पुढचे सगळे हातून जाते. मुद्द्यांचा क्रम वाटेवरच्या खुणांसारखा लक्षात ठेवावा म्हणजे एक खूण चुकली तरी पुढची सापडते. अपवाद पहिल्या दोन-तीन वाक्यांचा. ती झोपेतून उठवले तरी म्हणता यावीत इतकी पक्की हवीत, कारण ठोके सर्वांत जलद असतात ते उभे राहण्याच्या आणि बोलणे सुरू करण्याच्या क्षणी. त्यानंतर काही मिनिटांत शरीर आपोआप सावरू लागते. वादकाने आणि गायकाने मात्र ऐनवेळी बोटांचा किंवा स्वरस्थानांचा विचार टाळून एखाद्या व्यापक गोष्टीवर लक्ष ठेवावे: लय, रागाचा भाव किंवा समेवर येण्याची दिशा.

‘दहा वेळा बोललो, तरी भीती गेली नाही’

अशी तक्रार करणाऱ्यांनी त्या दहा वेळा आपण कसे बोललो, हे आठवून पाहावे. मान खाली घालून कागद वाचणे, कुणाच्याही डोळ्यांत न पाहणे, लवकर सुटावे म्हणून भरधाव बोलणे यांना मानसशास्त्रात सुरक्षा-वर्तने म्हणतात. त्यांचा दोष असा की भाषण सुरळीत पार पडले तरी मेंदू त्याचे श्रेय त्या पळवाटेला देतो: ‘वर पाहिले नाही म्हणून वाचलो.’ धोका नव्हताच, हे शिकायची संधी त्याला मिळत नाही. म्हणून प्रत्येक वेळी एक पळवाट जाणीवपूर्वक सोडावी. एका भाषणात तीन श्रोत्यांकडे एकेक वाक्य बोलून पाहावे, पुढच्या वेळी कागद मेजावर ठेवून द्यावा.

गोळी घेतली तर?

बीटा-ब्लॉकर नावाची औषधे अ‍ॅड्रेनलीनचा हृदयावरील आणि स्नायूंवरील परिणाम अडवतात. त्यांतील प्रोप्रानोलॉल हे औषध विकसित करणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ही औषधे मुळात हृदयविकारासाठी आली. तंतुवादकांची थरथर त्यांनी कमी होते, असे १९७० च्या दशकातच दिसून आले होते. हात स्थिर राहतो म्हणूनच तिरंदाजी आणि नेमबाजीच्या स्पर्धांत त्यांना बंदी आहे. मात्र दमा असलेल्यांना त्यांतील काही औषधे गंभीर धोका पोहोचवू शकतात, मंद नाडी किंवा कमी रक्तदाब असलेल्यांनाही ती चालतीलच असे नाही. डॉक्टरांनी तपासून दिल्याशिवाय, आणि मित्राने दिली म्हणून तर मुळीच, ती घेऊ नयेत. शिवाय ती थरथर थांबवतात. ‘लोक काय म्हणतील’ हा विचार थांबवत नाहीत. मद्याविषयी एवढेच सांगतो की ते भीतीआधी जीभ आणि स्मरण यांच्यावर हल्ला करते.

केव्हा मदत घ्यावी

भीतीपायी शिक्षण, नोकरी किंवा बढतीच्या संधी माणूस सोडू लागला, आठवडे आधीपासून झोप उडू लागली आणि हे महिनोन्‌महिने चालू राहिले, तर तो साध्या सभाकंपाच्या पलीकडचा सामाजिक भयाचा विकार असू शकतो. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये सुधारलेल्या निदानसूचीत, हे भय केवळ लोकांपुढे बोलण्या-सादर करण्यापुरते असेल तर तशी वेगळी नोंद करण्याची सोय आहे. विचार आणि वर्तन यांवर टप्प्याटप्प्याने काम करणारी मानसोपचार पद्धती यावर चांगली लागू पडते. अशा व्यक्तीला ‘धीट हो’ म्हणत अचानक व्यासपीठावर ढकलणे मला क्रूरपणाचे वाटते. पाण्याला घाबरणाऱ्याला खोल पाण्यात लोटण्यासारखेच ते आहे.

आणि ऐनवेळी काहीच आठवले नाही तर?

त्याचीही तयारी आधी करून ठेवता येते. सुचेनासे झाले की तोंड बंद करावे, श्वास पूर्ण सोडावा, पाण्याचा घोट घ्यावा. बोलणाऱ्याला युगासारखी वाटणारी चार सेकंदांची शांतता श्रोत्यांना विचारपूर्वक घेतलेल्या विरामासारखी भासते. मग आपण नुकतेच उच्चारलेले शेवटचे वाक्य थोड्या वेगळ्या शब्दांत पुन्हा म्हणावे, कारण पुढची खूण बहुधा त्याच वाक्याला जोडलेली असते. तरीही वाट सापडली नाही तर खिशातल्या कागदावर लिहिलेले पाच शब्द उघडपणे पाहावेत आणि ‘पुढच्या मुद्द्याकडे येतो’ असे म्हणून पुढे जावे. मधला मुद्दा गळला, हे फक्त बोलणाऱ्याला माहीत असते. भाषणाची प्रत श्रोत्यांपैकी कुणाच्याही हातात नसते.